पंपमनचा होकार

माझा नवरा तेलाच्या जहाजावर पंपमन आहे आणि मी पेट्रोलपंपावर नळी धरते. आमच्या लग्नात यावरून सगळ्यांनी विनोद करून घेतले. एक पंप पाण्यात, एक जमिनीवर, पोरं झाली तर हवा भरायला ठेवा, असं आमचे पंपमालकसुद्धा म्हणाले होते. पोरं झाली नाहीत, विनोद मात्र टिकला. ओळखही पंपावरचीच. सुट्टीवर आला असताना हा गाडी घेऊन आला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, झिरो बघा. मीटर शून्यावर आहे ना, हे गिऱ्हाइकाने बघून घ्यायचं असतं. हा माझ्याकडेच बघत राहिला. मी म्हटलं, तिकडे बघा, आकडे तिकडे पडणार आहेत. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे त्याने मान वळवली.

पंपमनचं काम म्हणजे जहाजाच्या टाक्यांत तेल घ्यायचं आणि बंदरात उतरवायचं, पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळायचे. तो साहेब नाही, पण खलाशांमध्ये त्याच्या शब्दाला वजन आहे. तो जेवायला बसला की बाकीचे बसतात, असं तोच फुशारकीने सांगायचा. सासूबाई म्हणायच्या, घरी तर तू सगळ्यात शेवटी उठतोस.

आमच्या जमिनीत तेलाचा थेंब नाही. सगळं बाहेरून येतं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची सवय लागली की ती ओंजळ दुसऱ्याची आहे हेच माणूस विसरतो. तिकडे लांब दोन देशांत जुंपली, तेलाची जहाजं ज्या चिंचोळ्या समुद्रातून येतात तिथे क्षेपणास्त्रं पडायला लागली, आणि इकडे आमच्या पंपावरची रांग पार शाळेच्या मैदानापर्यंत गेली. आमचं त्या भांडणाशी ना देणं ना घेणं. पण नाक दुसऱ्याच्या चिमटीत असलं की श्वासही त्यालाच विचारून घ्यावा लागतो.

त्या चिंचोळ्या वाटेत एक जहाज जळलं. टीव्हीवर दिवसभर धूर दाखवत होते आणि खाली तेलाचे आकडे धावत होते. किती तेल गेलं, भाव किती चढला, चारचारदा सांगितलं. माणसं किती गेली ते बातम्या संपता संपता, हवामानाच्या आधी एकदा उरकलं. सासूबाई शिवणयंत्रावर शाळेच्या गणवेशाची बाही लावत होत्या. त्यांच्या तोंडात टाचण्या असल्या की त्या बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि टीव्ही बंद केला.

नवऱ्याचं जहाज त्या वाटेच्या पलीकडल्या तोंडाशी नांगर टाकून उभं होतं, पोट भरून तेल घेऊन. युद्धाच्या पाण्यात जहाज न्यायचं तर प्रत्येकाला विचारावं लागतं आणि प्रत्येकाला नाही म्हणता येतं, असा नियम आहे. पुरेशी माणसं नाही म्हणाली तर जहाज हलत नाही. कंपनीने विचारलं होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्या नवऱ्याकडे होत्या आणि त्याने अजून काही सांगितलं नव्हतं.

इकडे रांगेतल्यांना हे पेपरातून कळलं होतं. तेल भरलेलं जहाज उभं आहे आणि खलाशी घाबरून बसलेत, असं त्यांच्या मते ते होतं. मी कोणाची बायको हे पंपावर सगळ्यांना ठाऊक. एकजण म्हणाला, पगार घेताना भीती वाटत नाही वाटतं. दुसऱ्याने सांगितलं, सीमेवरच्या जवानांचा आदर्श ठेवा म्हणावं. आयजीच्या जीवावर बायजी उदार. मी प्रत्येकाला एकच सांगत होते की तुमची गाडी इथे लावा, तुम्हीच त्या जहाजावर जा आणि येताना थोडं तेल घेऊन या. त्यावर सगळे मोबाइलमध्ये बघायला लागायचे.

एकाला मात्र मी असं बोलू शकले नाही. तोच तो हॉर्न वाजवणारा रिक्षावाला, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या बायकोच्या किडन्या गेल्यात आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. हॉस्पिटल चढावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाकीच्या रिक्षा बंद, बस बंद, अँब्युलन्स फक्त अपघाताला. तो रांगेत रात्र काढायचा आणि सकाळी मला विचारायचा, वहिनी, कधी येतंय? बस, एवढंच. त्याच्या आवाजात टोमणा नसायचा आणि मला तेच जास्त टोचायचं. त्याच्या बायकोने मरावं असं मला वाटत नव्हतं. माझ्या नवऱ्याने जळावं असंही वाटत नव्हतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आणून कोणी उभ्या केल्या, याचा विचार केला की मला फार संताप यायचा.

मग कंपनीचा माणूस घरी आला. फळांची करंडी, हळू आवाज, दर वाक्याला ताई आणि माताजी. सासूबाईंनी त्याचं नाव तिथेच साखरसाहेब ठेवलं. तो म्हणाला, जबरदस्ती अजिबात नाही, पण पंपमनसाहेबांचं मन द्विधा आहे, घरच्यांशी बोलले की हलकं होईल. आमच्या ऑफिसातून चांगली लाइन लावून देतो. एरवी जहाजावरच्या वायफायची पाळी आठवड्यातून एकदा यायची, तीही पाच-दहा मिनिटं. आम्हाला त्याचं तोंड बघायचं होतं. आम्ही गेलो.

काचेची खोली होती, थंडगार. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो दिसला. दाढी वाढलेली, मागे जहाजाच्या मेसमधली टेबलं. साखरसाहेब कॅमेऱ्यात येणार नाही असा कोपऱ्यात बसला होता. त्याच्यासमोर काय बोलणार? नवऱ्याने आईला गुडघ्याचं विचारलं. मला विचारलं, गॅसच्या सिलिंडरची नळी बदलली का? समुद्रात मरण समोर उभं आणि याचं लक्ष घरच्या नळीवर. मी म्हटलं, बदलली, तू जेवतोस का? तो म्हणाला, कुक बरा आहे. मग चित्र अडकलं, आवाज तुटायला लागला. तो घाईने म्हणाला, "बरं आई, येतो." आणि पडदा काळा झाला.

आमच्या घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही. कोणाच्याच घरात म्हणत नाहीत. भाजी आणायला निघालेला माणूसही येतो म्हणतो आणि परदेशी निघालेलाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. साखरसाहेबाला कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण तो खुर्चीतून उठला, त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, माताजी, धन्य आहात, मुलगा येतो म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, अहो, तो निरोप घेत होता. साखरसाहेब हसला. आम्हाला खाली गाडीपर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी पंपावर बॅनर होता. येतोय आपला माणूस, येतंय आपलं तेल. पेपरात मथळा, पंपमनचा होकार. रांगेतले लोक, काल ज्यांनी मला पगारावरून बोल लावले होते, ते आज हात जोडत होते. एका बाईने माझ्या गालावरून हात फिरवला. मालकांनी मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्चीत बसले.

दुपारी जहाजावरच्या कुकच्या बायकोचा फोन आला. आम्हा घरच्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यातून ओळख. सकाळी कुकची वायफायची पाळी होती. तिने सांगितलं की जहाजावर सगळ्यांना कळवलंय, पंपमनच्या घरच्यांनी स्वतः ऑफिसात येऊन ये म्हणून सांगितलंय. तुझा नवरा कालपासून कोणाशी बोलत नाहीये. आईच म्हणते ये, तर मी काय बोलणार, एवढंच म्हणाला. आणि तो जातोय तर आपण कसं मागे राहायचं, म्हणून बाकीचे तयार होतायत. तिचाही आवाज रडवेला होता. तिला वाटत होतं की मीच त्याला पाठवतेय.

आम्हाला सांगितलं तो हो म्हणाला. त्याला सांगितलं आम्ही हो म्हणालो. होकार कोणीच दिला नव्हता आणि जहाज निघायला आलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी तिला खरं सांगितलं, पण वायफायची पाळी ग्रुपातल्या कोणाचीच परवाच्या आधी नव्हती, माझ्या नवऱ्याची तर पाच दिवसांनी, आणि कॅप्टन परवा सगळ्यांना शेवटचं विचारणार होता.

मी साखरसाहेबाच्या ऑफिसात जाऊन काच फोडायला निघाले होते. पायात चपलासुद्धा घातल्या होत्या. सासूबाईंनी दारात अडवलं. त्यांचं म्हणणं असं की आज भांडलीस तर तो तुला परत नवऱ्याच्या आवाजाजवळ फिरकू देणार नाही. त्याला तुझं कौतुक करायचंय ना? करू दे. कौतुक करणारा माणूस आज ना उद्या माइक हातात देतो. तोपर्यंत तोंड मिटून बस.

आणि तसंच झालं. परवाच्या दिवशी सकाळी आमच्याच पंपावर कार्यक्रम ठेवला. टीव्हीवाले, मोठे स्पीकर, जहाजाशी थेट संपर्क. आणि मुद्दाम वाचवून ठेवलेल्या साठ्यातला एक टँकर फाटकाशी उभा, गाडी भरून पेट्रोल. पंपमनच्या पत्नीने शुभेच्छा दिल्या की तो आत येणार आणि रांगेत वाटप सुरू होणार, असं साखरसाहेबाने माइकवरून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिक्षावाला पहिल्या नंबरावर होता, रिक्षात त्याची बायको शाल पांघरून बसलेली. आज तिचा डायलिसिसचा दिवस होता.

स्पीकरमधून खरखर आली, मग जहाजाच्या मेसमधले आवाज. तिकडेही सगळे जमवलेले होते, कॅप्टनसकट. साखरसाहेबाने माझ्या हातात माइक दिला आणि कानात म्हणाला, छोटंसंच बोला.

मी रिक्षाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित बोलू शकले नसते.

"मी बोलतेय," मी म्हटलं. "नीट ऐक. मी तुला ये म्हटलेलं नाही. आईंनीही म्हटलेलं नाही. तुला खोटं सांगितलं आणि आम्हालाही. त्या दिवशी तू आईचा निरोप घेतलास, त्याला यांनी होकार म्हटलं. माझ्याकडून ऐक, सगळ्यांसमोर सांगते. येऊ नकोस. त्या वाटेने येऊ नकोस."

आपल्या माणसाला येऊ नकोस म्हणणं किती जड असतं ते मला तेव्हा कळलं. साखरसाहेबाचा हात माइककडे आला तेव्हा सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. गुडघा दुखतो म्हणणारी बाई, पण तिला हलवायला त्याला टीव्हीसमोर धक्का मारावा लागला असता.

लांबून येणारा आवाज वेळ घेतो. मग नवरा म्हणाला, "मग तू पाठवत नव्हतीस मला?"

"नाही रे."

"तीन दिवस मला वाटत होतं," तो म्हणाला आणि थांबला. मग आवाज दुसरीकडे वळला. तो आमच्याशी बोलत नव्हता, तिकडच्या माणसांशी बोलत होता. "कॅप्टन, माझं नाही. लिहून घ्या. मी या वाटेने जाणार नाही."

कोणीतरी वायर उपटली. स्पीकर मुका झाला.

पुढचं सगळं पटापट झालं. साखरसाहेबाची साखर विरघळली. तो मोबाइलवर ओरडत होता. फाटकाशी उभा टँकर मागे गेला, वळला आणि रांगेच्या डोळ्यांदेखत निघून गेला. लोक त्याच्यामागे थोडं पळाले. मग वळले माझ्याकडे. रिकामा डबा माझ्या खांद्याला लागून पडला. एकजण म्हणाला, हिच्या एका नवऱ्यापायी आमची पोरं उपाशी. एकजण म्हणाला, देशद्रोही. मी म्हटलं, ज्याचं जळतं त्याला कळतं, तुमचं जळेल तेव्हा या माझ्याकडे बोलायला. मालक आले, त्यांनी माझा पंपाचा बिल्ला स्वतः काढून घेतला आणि म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. एकाच सकाळी मी हे वाक्य म्हटलंही आणि ऐकलंही. मालकांच्या तोंडून ते बरंच हलकं होतं.

रिक्षावाला मात्र ओरडला नाही. तो रिक्षाच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने डोकं धरलं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. काय सांगणार? त्याचं तेल मीच परत पाठवलं होतं. मी म्हटलं, भाऊ, मला दुसरं काही करता आलं नसतं. तो वर न बघता म्हणाला, "मला तेल पाहिजे होतं, वहिनी. खोटं कशाला बोलू. पण त्याच्या जागी मी असतो तर माझ्या बायकोनेही मला हेच सांगितलं असतं. म्हणून तर ओरडताही येत नाही."

तेवढ्यात रिक्षातून त्याच्या बायकोचा आवाज आला. बारीक होता, पण खणखणीत.

"तुमचं झालं असेल तर बघा जरा माझ्याकडे. ते मशीन माझ्यासाठी थांबून राहत नाही. पेट्रोल नाही तर नाही. चाकं आहेत ना?"

मी पदर खोचला आणि रिक्षाच्या मागे गेले. रिक्षावाला हँडलशी गेला. सासूबाई बाजूने चालायला लागल्या. रिक्षा दिसते हलकी, ढकलून बघा म्हणजे कळेल. मैदानापर्यंत आम्ही दोघांनीच नेली. पुढे चढ लागला तेव्हा माझ्या शेजारी कोणाचे तरी हात आले. मी बघितलं, डबा फेकणारा. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही काही बोलले नाही. मग आणखी दोघं आले.

माझ्या कमरेचा मोबाइल वाजायला लागला. एकदा, परत, परत. माझे दोन्ही हात अडकलेले. सासूबाईंनी तो ओढून काढला, चष्मा लावला. आमचा ग्रुप होता. कॅप्टनने जहाजावरचं वायफाय सगळ्यांना खुलं केलं होतं आणि मेसमध्येच एकेकाला विचारत होता. घरच्यांना जे कळेल ते घरचे लिहीत होते. सासूबाई चालता चालता मोठ्याने वाचायला लागल्या.

"कुक. नाही म्हणाला."

आम्ही रेटा दिला.

"बोसन नाही. फिटर नाही."

लोकांना आधी कळेना म्हातारी काय वाचतेय. मग ढकलणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, मी धापा टाकत सांगितलं. त्यानंतर दर नाहीला सगळ्यांचा जोर एकदम लागायला लागला. ऑइलर नाही. दुसरा ऑइलर नाही. वेल्डर नाही. रिक्षा चढावर सरकत होती आणि आत शाल पांघरलेली बाई दांडीला धरून मागे वळून ऐकत होती.

"थर्ड ऑफिसर," सासूबाईंनी वाचलं आणि थांबल्या. "हो म्हणाला."

सगळ्यांचे हात ढिले पडले. रिक्षा वीतभर मागे आली, माझ्या छातीला टेकली.

"त्याचं त्याला," सासूबाई म्हणाल्या. "त्याला विचारलं, त्याने सांगितलं. यालाच विचारणं म्हणतात. ढकला."

आम्ही ढकललं. चीफ इंजिनिअर नाही. स्टुअर्ड नाही. शेवटच्या वळणापर्यंत एवढे झाले होते की नांगर उचलायलाही माणसं उरली नसती. हॉस्पिटलच्या फाटकात वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन आला. डबा फेकणारा भिंतीला टेकून बसला.

रिक्षावाल्याची बायको खुर्चीत बसली, शाल नीट केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "परवा परत आहे माझं."

मी म्हटलं, परवाही ढकलू.